कॉम्बी बॉयलर घेण्याआधी नळाखाली बादली धरा

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांवर ही वेळ साधारण ऑक्टोबरात येते. उन्हाळाभर कुणी ढुंकूनही न पाहिलेला जुना बॉयलर पहिल्या गारठ्याला बंद पडतो. तीन इन्स्टॉलर येऊन घर बघून जातात आणि तीन कोटेशनं हातात पडतात. एकात २४ किलोवॅट, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ३६. घर तेच, माणसंही तीच, मग आकडे वेगळे का? घरात तान्हं मूल किंवा म्हातारी माणसं असली की विचार करायला दोन दिवसही मिळत नाहीत, आणि बहुतेक जण मधला आकडा निवडून मोकळे होतात.

हा आकडा नेमका कशाचा आहे हे एकदा कळलं की निवड अवघड राहत नाही. मात्र तिची सुरुवात बॉयलरच्या माहितीपत्रकापासून करू नका. आधी घरात येणारं पाणी मोजा.

## एका पेटीत दोन कामं

कॉम्बी म्हणजे कॉम्बिनेशन बॉयलर. रेडिएटर तापवून खोल्या उबदार ठेवणं आणि नळाला गरम पाणी देणं, ही दोन्ही कामं तो एकटा करतो. जुन्या पद्धतीत कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर असतो आणि माळ्यावर थंड पाण्याची टाकी. कॉम्बीला दोन्ही लागत नाहीत, कारण तो पाणी साठवतच नाही. नळ उघडला की रस्त्यावरच्या वाहिनीतलं पाणी थेट बॉयलरमधून जातं आणि जाता जाता तापतं. गॅस गीझर वापरलेल्या माणसाला हे नवीन नाही.

आत दोन वेगळी पाणी असतात. एक रेडिएटरचं, बंद नळ्यांमधून गोल गोल फिरणारं. बर्नर फक्त तेच तापवतो. दुसरं नळाचं. नळ उघडताच डायव्हर्टर नावाचा व्हॉल्व्ह रेल्वेच्या सांध्यासारखा सरकतो आणि ते फिरणारं गरम पाणी रेडिएटरऐवजी प्लेट हीट एक्स्चेंजरकडे वळतं. ही म्हणजे पातळ स्टीलच्या पत्र्यांची वीटभर चळत. पत्र्याच्या एका बाजूने तापलेलं पाणी जातं, दुसऱ्या बाजूने नळाचं. दोन्ही कधी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते.

म्हणजे नळ चालू असेपर्यंत रेडिएटर थांबलेले असतात. एका अंघोळीत हे जाणवत नाही. सकाळी चार जणांच्या अंघोळी पाठोपाठ झाल्या, तर कडाक्याच्या थंडीत खोली थोडी गार पडलेली कळते. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

## किलोवॅटचा आकडा कशाचा?

बॉयलरच्या नावातला मोठा आकडा बहुतेक वेळा नळाच्या पाण्यासाठीची ताकद सांगतो. रेडिएटरसाठीची ताकद वेगळी असते, सहसा कमी, आणि ती माहितीपत्रकात आत कुठेतरी लिहिलेली असते.

नळाच्या पाण्याचा हिशेब सरळ आहे. हिवाळ्यात वाहिनीतलं पाणी ५ अंशांपर्यंत गार होतं. अंघोळीला ४० अंशांचं पाणी लागतं. म्हणजे ३५ अंशांची वाढ. एवढी वाढ करायची असेल, तर किलोवॅटच्या आकड्याला अडीचने भागा. मिनिटाला साधारण किती लिटर गरम पाणी मिळेल ते कळतं. २४ किलोवॅटचा बॉयलर जेमतेम १० लिटर देतो, ३०चा १२, ३५चा १४ आणि ४०चा १६.

आता गरज बघा. साध्या शॉवरला मिनिटाला ८ ते १० लिटर लागतात, पाऊस पडल्यासारखा मोठा शॉवर त्याहून बरंच जास्त पितो. १५० लिटरचा टब ३० किलोवॅटच्या बॉयलरवर हिवाळ्यात भरायला बारा मिनिटं लागतात.

माहितीपत्रक वाचताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. काही ठिकाणी प्रवाह ३५ अंशांच्या वाढीला दिलेला असतो, काही ठिकाणी ३०च्या. तोच ३० किलोवॅटचा बॉयलर ३० अंशांच्या हिशेबात १४ लिटरचा दिसतो. दोन बॉयलरची तुलना एकाच वाढीवर करा, नाहीतर कमी ताकदीचा बॉयलर सरस वाटून जाईल.

ऑगस्टमध्ये झकास वाटलेला शॉवर जानेवारीत कोमट का होतो, तेही यातूनच कळतं. उन्हाळ्यात आत येणारं पाणीच दहा-बारा अंशांनी कमी गार असतं. जानेवारीत नळ पूर्ण उघडला तर तेवढं पाणी तापवण्याची बॉयलरची ऐपत संपते. अशा वेळी नळ थोडा बंद करावा. पाणी कमी येतं, पण गरम येतं.

## बादली आणि घड्याळ

बॉयलर पाणी तापवतो, निर्माण करत नाही. रस्त्यावरून मिनिटाला १० लिटरच येत असतील, तर ४० किलोवॅटच्या बॉयलरमधूनही १० लिटरच बाहेर पडणार, आणि तेवढ्याला २४-२५ किलोवॅट पुरतात. वरचे पैसे वाया जातात. तरीही बहुतेक घरांत ही मोजणी न करताच बॉयलर ठरतो, याचं फार वाईट वाटतं. कारण तिला एक बादली आणि एक मिनिट यापलीकडे काही लागत नाही.

१० लिटरची खूण असलेली बादली घ्या. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ सहसा थेट मुख्य वाहिनीवर असतो. त्याच्या तोंडाशी जाळी असेल तर ती काढा, कारण ती प्रवाह अडवते. बागेतला नळ असेल तर त्याहून उत्तम. नळ पूर्ण उघडा आणि बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ६० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला १० लिटर, ५० लागले तर १२, ४० लागले तर १५, ३० लागले तर २०. ही मोजणी सकाळी सात-आठच्या सुमाराला करा, कारण तेव्हा सगळी गल्ली पाणी वापरत असते. दुपारचा आकडा फसवा असतो.

प्रवाह कमी निघाला तर आधी सिंकखालचा स्टॉपकॉक, म्हणजे घराचं पाणी बंद करायची मुख्य चावी, पूर्ण उघडा आहे का बघा. वर्षानुवर्षं अर्धवट बंद राहिलेले स्टॉपकॉक सापडतात. काही जुन्या वस्त्यांत दोन-तीन घरांना मिळून एकच शिशाची नळी असते. ती बदलल्याशिवाय फरक पडत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये पाणी कंपनीने हद्दीपर्यंत किमान ०.७ बार (बार हे दाबाचं एकक) दाब द्यावा असं मानक आहे. कॉम्बीचं काम या दाबावर रखडतच चालतं. थेट मुख्य वाहिनीवर पंप बसवायचा झाला, तर मिनिटाला १२ लिटरच्या वर खेचणाऱ्या पंपासाठी पाणी कंपनीला आधी कळवावं लागतं.

इन्स्टॉलरने दाब मोजला असेल, तर तो नळ बंद असताना मोजला की पाणी वाहत असताना, हे विचारा. बंद नळावर ३ बार दाखवणारी अरुंद नळी नळ उघडला की ढासळते. आपल्याला वाहत्या पाण्याचा आकडा हवा.

## मग सरळ मोठाच घेतला तर बिघडलं काय?

पाणी भरपूर येत असेल, तर नळाच्या बाजूने काहीच बिघडत नाही. अडचण येते ती रेडिएटरच्या बाजूने.

तीन बेडरूमचं, बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेलं जोडघर बाहेर उणे २-३ अंश असतानाही साधारण ६ ते ८ किलोवॅट उष्णता गमावतं. तेवढी भरून काढली की घर उबदार राहतं. नोव्हेंबरच्या साध्या दिवशी गरज याच्या निम्मी असते. म्हणजे ३० किलोवॅटचा बॉयलर हिवाळ्यातला बहुतेक काळ ३-४ किलोवॅटवर चालायला हवा.

तो तेवढा मंद चालू शकतो का, हा खरा प्रश्न. माहितीपत्रकात यासाठी मॉड्युलेशनचं गुणोत्तर दिलेलं असतं, म्हणजे कमाल आणि किमान ताकदीचं प्रमाण. ३० किलोवॅटच्या बॉयलरचं गुणोत्तर १:१० असेल, तर तो ३ किलोवॅटपर्यंत खाली येतो. १:४ असेल तर साडेसातच्या खाली येऊच शकत नाही. मंद आच नसलेल्या शेगडीवर दूध तापवण्यासारखं आहे हे. ऊतू जायला लागलं की बंद, खाली बसलं की पुन्हा पेटव. बॉयलरही तसाच दर चार-पाच मिनिटांनी पेटतो आणि विझतो. त्यात गॅस वाया जातो, पंखा आणि प्रज्वलनाचे भाग झिजतात, खोलीतली ऊबही वरखाली होत राहते.

म्हणून समान ताकदीचे दोन बॉयलर समोर असतील, तर किमान किलोवॅटचा आकडा कमी असलेला घ्या. बसवताना रेडिएटरसाठीची कमाल ताकद घराच्या गरजेइतकी खाली आणून द्यायला सांगा. बहुतेक बॉयलरमध्ये ही सोय असते, आणि नळाच्या पाण्याची ताकद त्याने कमी होत नाही. सांगितल्याशिवाय मात्र ती सहसा केली जात नाही.

## दोन बाथरूम असतील तर?

बाथरूम किती आहेत यापेक्षा एकाच वेळी किती वापरल्या जातात ते धरा. दोन बाथरूम आहेत पण अंघोळी एकामागून एक होतात, असं असेल तर ३० ते ३५ किलोवॅटचा कॉम्बी आरामात पुरतो. एक बाथरूम आणि दोन-तीन माणसं असतील तर २४ ते ३०.

दोन शॉवर खरोखर एकाच वेळी चालणार असतील, तर ९ अधिक ९ म्हणजे १८ लिटर. हिवाळ्यात त्याला ४४ किलोवॅट लागतात. पाणीही तेवढं हवं, आणि मधेच कुणी फ्लश केला तर त्यासाठी वेगळं. इथे कॉम्बीचा हट्ट सोडावा. साधा बॉयलर आणि मुख्य वाहिनीच्या दाबावर चालणारा गरम पाण्याचा सिलिंडर, हे जोडीचं काम अशा घरात जास्त चांगलं होतं. असा सिलिंडर बसवायला वेगळी पात्रता लागते, ती इन्स्टॉलरकडे आहे का विचारा. आणि मुळात वाहिनीचंच पाणी कमी असेल तर हा सिलिंडरही उपयोगाचा नाही. तिथे माळ्यावरची टाकी आणि पंप, ही जुनी पद्धत अजूनही शहाणपणाची आहे.

## कंडेन्सिंगचा फायदा सेटिंगवर अवलंबून

इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर जवळजवळ नेहमी कंडेन्सिंग प्रकारचाच असतो. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ असते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमतं, तसं ही वाफ बॉयलरमधल्या गार पृष्ठभागावर जमली की आपली उष्णता सोडून जाते. जुने बॉयलर ती उष्णता धुरावाटे बाहेर घालवत.

पण तांब्या गार नसेल तर दव कसं जमणार? रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच वाफ जमते, आणि जितकं खाली तितकी जास्त जमते. बऱ्याच घरांत बॉयलर बसवताना ७५-८० अंशांवर ठेवला जातो आणि तसाच राहतो. मग पाणी ६० अंशांना परत येतं आणि कंडेन्सिंगचा फायदा कागदावरच राहतो.

कॉम्बीवर रेडिएटर आणि नळ यांची तापमानं वेगवेगळी ठेवता येतात. रेडिएटरची खूण असलेलं बटण ६० वर आणा. कडक थंडीत घर तापायला फार वेळ लागतोय असं वाटलं तर ५ अंश वाढवा, सौम्य दिवसांत ५५ करून बघा. रेडिएटर हाताला कमी गरम लागतील आणि जास्त वेळ चालतील. ते तसंच अपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून संपूर्ण नवीन हीटिंग व्यवस्था, म्हणजे नळ्या आणि रेडिएटरसकट, ५५ अंश किंवा त्याखालच्या पाण्यावर चालेल अशी आखावी लागते. नुसता बॉयलर बदलताना तो नियम लागत नाही, पण रेडिएटर बदलायचेच असतील तर एक माप मोठे घ्या.

एप्रिल २०१८ पासून इंग्लंडमध्ये नव्या कॉम्बीबरोबर वेळ आणि तापमान ठरवणारं नियंत्रण तर लागतंच, शिवाय ऊर्जा वाचवणारी आणखी एक सोय बसवावी लागते. या सोयीसाठी नियमात दिलेल्या चार पर्यायांपैकी बाहेरच्या हवेचं तापमान बघून रेडिएटरचं पाणी आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर आम्ही सुचवू. बाहेरच्या भिंतीवरची छोटी डबी असते ती, आणि वरचं सगळं बटण फिरवणं तिच्यामुळे वाचतं.

## जुना काढून नवा टांगला, इतकंच नसतं

स्वस्त कोटेशनमध्ये काय वगळलंय ते इथे बघा.

गॅसची नळी: जुन्या बॉयलरला १५ मिलिमीटरची नळी चालत असे. ३० किलोवॅटच्या कॉम्बीला मीटरपासूनचा बहुतेक भाग २२ मिलिमीटरचा लागतो. मीटर ते बॉयलर दाबाची घट १ मिलिबारपेक्षा जास्त नसावी. नळी अरुंद राहिली तर शॉवर आणि शेगडी एकत्र चालू असताना बॉयलर धापा टाकतो किंवा बंद पडतो.

कंडेन्सेटची नळी: जमलेलं पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या नळीनेच बाहेर काढतात. ही नळी शक्यतो घरातूनच सांडपाण्याला जोडावी. भिंतीबाहेर न्यावीच लागली तर तिथे ३२ मिलिमीटरची, इन्सुलेशन चढवलेली, आखूड आणि चांगल्या उताराची हवी. बाहेर बारीक नळी ठेवली की पहिल्या गोठवणाऱ्या रात्री आत बर्फ होतो. बॉयलरमधून गुडगुड आवाज येतो आणि तो बंद पडतो. नेमका सगळ्यात थंड सकाळी. तसं झालंच तर नळीवर कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरा. उकळतं पाणी ओतू नका, नळी तडकते.

जुन्या नळ्या: माळ्यावरच्या टाकीवर चाललेल्या रेडिएटरांवर दाब कमी असायचा. कॉम्बीची बंद व्यवस्था १ ते १.५ बारवर चालते. वीस वर्षं गंजून तग धरलेला सांधा या दाबाला झिरपू लागतो, कधी फरशीखाली. हे आधीच माहीत असू द्या. जुना शॉवर पंपही काढावा लागतो, तो कॉम्बीला जोडता येत नाही.

गाळ: रेडिएटर वरून गरम आणि खाली मधोमध गार लागत असेल, तर तळाशी लोखंडाच्या काळ्या कणांचा गाळ बसलाय. तो धुऊन न काढता नवा बॉयलर जोडला तर गाळ थेट त्याच्या आतल्या बारीक वाटांत जाऊन बसतो. कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: धुलाई, परतीच्या नळीवर चुंबकीय फिल्टर आणि पाण्यात गंजरोधक रसायन. वॉरंटीचे दावे बऱ्याचदा इथेच अडतात.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये चौथी गोष्ट, क्षार. जड पाणी साठ अंशांच्या पुढे तापलं की चुना झपाट्याने धरतं. किटलीच्या तळाशी दिसतो तोच थर प्लेट हीट एक्स्चेंजरच्या पत्र्यांवर चढतो आणि नळाचं पाणी कधी उकळतं, कधी गार असं यायला लागतं. क्षाररोधक उपकरण बसवा आणि नळाचं तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवा. तसंही ६५ अंशांचं पाणी घेऊन त्यात गार पाणी मिसळण्यात काही हशील नाही.

## सिलिंडर काढला की कपाट मोकळं होतं ना?

होतं, आणि लहान घरात त्या जागेचं मोल आहेच. पण सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा विजेचा हीटर असतो. बॉयलर बिघडला तरी अंघोळीचं पाणी मिळतं. कॉम्बी बंद पडला की ऊब आणि गरम पाणी दोन्ही एकदम जातात. पुढे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल, तर त्याला पाणी साठवायला सिलिंडर लागतोच. इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये हीट पंपासाठीचं अनुदान ७,५०० पौंड करण्यात आलं, तेव्हा पाच-सात वर्षांत तिकडे वळणाऱ्यांनी कपाट आणि नळ्या मोडायची घाई करू नये.

## गरम पाणी यायला वेळ का लागतो?

आधी बॉयलर पेटतो, मग पत्रे तापतात, मग वाटेतल्या नळीतलं गार पाणी बाहेर पडतं. बॉयलरपासून बाथरूम लांब असेल तर वेळ वाढतो. काही बॉयलर पत्रे कायम गरम ठेवतात. त्याने थोडे सेकंद वाचतात, पण दिवसभर थोडाथोडा गॅस जळत राहतो. ती सोय बंद ठेवा.

आणि भांडी विसळताना नळ बारीक धारेवर ठेवायची सवय असेल, तर लक्षात घ्या: मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरपेक्षा कमी पाणी वाहत असेल तर बर्नर पेटतच नाही. धार थोडी मोठी करा.

## दाबाचा काटा रोज खाली येतोय

कॉम्बी घेतलेल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ याच काट्याचा. थंड असताना तो १ ते १.५ बारवर हवा. तापल्यावर थोडा वर जाणारच. पहिल्या काही आठवड्यांत रेडिएटरमधली हवा काढली की दाब कमी होतो, तेव्हा एक-दोनदा पाणी भरणं ठीक आहे.

पण थंड असताना १, तापल्यावर ३ च्या जवळ आणि दुसऱ्या सकाळी शून्य, असं दिसलं तर बहुतेक वेळा एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेलेली असते. हा एक डबा असतो, मधे रबरी पडदा, एका बाजूला हवा. पाणी तापून फुगलं की पडदा हवेला दाबतो आणि जागा करून देतो. हवाच नसेल तर फुगलेलं पाणी ३ बारच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून सांडतं. ती नळी ओली आहे का ते बाहेर जाऊन बघा. दर आठवड्याला नुसतं पाणी भरत राहू नका. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, गंजरोधक पातळ होतं आणि रेडिएटर आतून खाऊ लागतात.

## इन्स्टॉलर निघण्याआधी

गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसानेच करायचं असतं. २००९ पासून हेच अधिकृत रजिस्टर आहे. ओळखपत्राची मागची बाजूही बघा, तो कोणतं काम करायला पात्र आहे ते तिथे लिहिलेलं असतं. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला, तर खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा.

बॉयलरच्या पुस्तिकेत शेवटी बेंचमार्क नावाचं एक पान असतं, काम पूर्ण झाल्याची नोंद करायचं. त्यात गॅसचा दाब, आत येणाऱ्या थंड पाण्याचं तापमान, बाहेर येणाऱ्या गरम पाण्याचं तापमान आणि मिनिटाला किती लिटर याचे रकाने असतात. ते कोरे ठेवून सही झाली तर वॉरंटीच्या वेळी पंचाईत होते. तीच १० लिटरची बादली आता गरम नळाखाली धरा, स्वयंपाकातला थर्मामीटर आत बुडवा, आणि इन्स्टॉलर समोर असतानाच दोन्ही आकडे त्या पानावर लिहून घ्या.